विद्वान कोणाला म्हणावं? शं. बा. दीक्षितांचा ग्रंथ वाचताना पडलेला प्रश्न

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' सध्या थोडा थोडा वाचतो आहे. १८९६ सालचा ग्रंथ. वाचता वाचता एक प्रश्न डोक्यात पक्का बसलाय, तो इथे मांडतो. आपण सहज कोणालाही विद्वान म्हणून जातो. व्यासपीठावर चार श्लोक धडाधड म्हणणारा विद्वान, नावामागे डॉक्टर लागलेला विद्वान, घरात पुस्तकांची कपाटं असलेला विद्वान. खरी कसोटी काय असावी?

दीक्षितांची ओळख अनेकांना नसेल म्हणून थोडक्यात. दापोलीजवळचं मुरुड हे त्यांचं गाव, जन्म १८५३. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पेशा शाळामास्तरचा. ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. १८९८ साली गेले, म्हणजे आयुष्याची पंचेचाळीस वर्षंही पुरी झाली नाहीत. विद्यापीठ नाही, पदवी नाही, हाताखाली माणसं नाहीत.

या मास्तरांनी काय केलं ते एका उदाहरणावरून सांगतो. त्या काळी गुप्त संवत, म्हणजे गुप्त राजांची कालगणना, नेमका कधी सुरू झाला यावर मोठा वाद होता. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने गुप्तांचे शिलालेख एकत्र करून १८८८ साली प्रसिद्ध केले, आणि त्यातलं कालगणिताचं काम दीक्षितांनी केलं. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण म्हणून गाव आहे. तिथल्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळातला लेख आहे: संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. आता गंमत अशी की तिथी दरवर्षी येते, पण तिच्यावर ठरलेला वार दरवर्षी येत नाही. संवताचा आरंभ एक वर्ष मागेपुढे धरला की गुरुवार हातातून निसटतो. आरंभ इसवी ३१९-२० धरला तर ही द्वादशी २१ जून ४८४ रोजी पडते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. हे गणित हाताने, कोष्टकं मांडून केलेलं. आणि एकच लेख पाहून ते थांबले नाहीत. वार दिलेला लेख मिळेल तिथे हीच परीक्षा घेतली.

मला सगळ्यात जास्त भावलं ते पुढचं. दीक्षित नुसतं उत्तर देत नाहीत, रीतही देतात. सुएल यांच्याबरोबर त्यांनी 'इंडियन कॅलेंडर' केलं, तेही १८९६ मध्येच. त्यात कोष्टकं अशी आहेत की वाचकाने स्वतः बसून दीक्षितांचं गणित बरोबर आहे की नाही ते पाहावं.

त्यांचा एक निष्कर्ष तर आजही वादात आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका नक्षत्राच्या तारका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. त्यावरून त्यांनी ते निरीक्षण इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचं असावं असं मांडलं. पुढे काही अभ्यासकांनी त्या वाक्याचा अर्थच वेगळा लावला. पण आक्षेप घेणाऱ्याला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते दिसतं, कारण दीक्षितांनी वाक्य, त्याचा आपण घेतलेला अर्थ आणि गणित हे तिन्ही वेगवेगळं मांडून ठेवलंय.

तेव्हा माझी कसोटी अशी: जो आपलं म्हणणं दुसऱ्याला तपासता येईल, प्रसंगी खोडता येईल, अशी सोय करून ठेवतो तो विद्वान. तुम्हाला काय वाटतं?

गोदातीर

सुंदर धागा. एरणचं उदाहरण माहीत नव्हतं. वाचतोय.

तळटीप

कऱ्हाकाठ, तुमच्या कसोटीला भक्कम आधार पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेली संहिता. काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. तीन प्रमुख संपादक झाले: १९२५ पासून सुखठणकर, १९४३ मध्ये ते गेल्यावर बेलवलकर, आणि शेवटी प. ल. वैद्य. बाराशेहून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी, इतक्या लिप्यांतली.

त्या आवृत्तीचं कुठलंही पान उघडा. वर संहिता, आणि खाली, कधी कधी अर्ध्याहून जास्त पान भरेल इतके, पाठभेद. कुठल्या पोथीत कुठला शब्द आहे ते संकेताक्षरांनी दिलेलं. संपादकाने जो शब्द वर घेतला तो पटला नाही, तर खाली बाकीचे सगळे शब्द हजर आहेत. तुम्ही तुमचा निवडा. आणि एक बारीक गोष्ट, जी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी थक्क झालो होतो. जिथे संपादकाला स्वतःच्याच निवडीची पुरती खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली आहे. सुखठणकर केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन संस्कृत व्याकरणावर डॉक्टरेट केलेले. अशा माणसाने ज्या ग्रंथावर आयुष्य लावलं, त्याच ग्रंथात 'इथे माझी खात्री कमी आहे' ही खूण पानोपानी ठेवली.

अजून एक. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं ही गोष्ट मूळ संहितेत ठरली नाही. ती परिशिष्टात गेली. अनेकांच्या भावना दुखावल्या. पण ती फेकून दिली गेली नाही. कुठल्या पोथ्यांत आहे, कुठल्यांत नाही, या नोंदीसकट छापली गेली. नावडतं किंवा नाकारलेलं सुद्धा जपून, नोंदवून ठेवणं हे मला विद्वत्तेचं फार मोठं लक्षण वाटतं.

नाममुद्रा

कसोटी चांगली आहे, पण अपुरी आहे. विनयाचं काय? ज्ञान आहे पण समोरच्याला कस्पटासमान लेखतो, त्याला विद्वान म्हणायचं का? समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर एक अख्खा समास पढतमूर्खाला दिला आहे. त्यातली ही ओवी मला रोज आठवते:

समूळ ग्रंथ पाहिल्याविण । उगाच ठेवी जो दूषण ।
गुण सांगतां अवगुण । पाहे तो येक पढतमूर्ख ॥

म्हणजे समर्थांनी अडाण्याला वेगळं काढलं आणि शिकून बिघडलेल्याला वेगळं. शिक्षण असूनही अहंकार सुटला नाही तर ते शिक्षण वाया गेलं.

तळटीप

@नाममुद्रा, ओवी अगदी चपखल. पण ती नीट पाहिली तर तिचा रोख नम्र वागण्यापेक्षा समूळ ग्रंथ पाहण्यावर आहे. न वाचता दोष देऊ नका, हे तिचं म्हणणं.

आणि विनयाची अट लावली तर राजवाड्यांचं काय करायचं? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, १८६३ ते १९२६. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड, पहिला १८९८ चा. गावोगाव हिंडून दप्तरं मिळवली, वाळवीच्या तोंडातून कागद ओढून काढले. लिहिलं सगळं मराठीत. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आणि स्वभाव? शीघ्रकोपी, टोकाचे शेरे मारणारे, सहकाऱ्यांशी बिनसलं की पाठ फिरवून चालते होणारे. त्यांच्याशी एका खोलीत बसणं अवघड गेलं असतं. तरी त्यांना विद्वान न म्हणणं मला अशक्य आहे.

मुक्ता_धुळे

राजवाडे शेवटी आमच्या धुळ्यात होते, इथेच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे १९२७ पासून आहे. आमच्या गावाला त्यांचा अभिमान आहे आणि असावाच.

पण त्यांच्याबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कऱ्हाकाठ यांच्या कसोटीला सरळ भिडते. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणाच्याही आधीची, असं त्यांचं मत. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली, तिच्या आधारावर ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरण लिहिलं. ते व्याकरण विलक्षण आहे. पण ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. म्हणजे त्यांचं वाचन बरोबर होतं का, कागद खरंच तितका जुना होता का, हे कोणालाच पाहता येत नाही. तपासायची सोय हीच कसोटी असेल तर आपल्या सर्वांत मोठ्या संशोधकाच्या सर्वांत गाजलेल्या शोधात ती सोय नाही. मग?

कऱ्हाकाठ

@मुक्ता_धुळे, अवघड प्रश्न आहे आणि टाळणार नाही. साधनांचे खंड छापताना राजवाडे माझ्या कसोटीला पुरेपूर उतरतात, पोथीच्या बाबतीत उतरत नाहीत. एकाच माणसात दोन्ही असू शकतं. कसोटी माणसाला एकदाच लावून शिक्का मारायचा नाही, प्रत्येक कामाला नव्याने लावायची, असं मी म्हणेन. आणि त्या पोथीबद्दल आज अभ्यासक जपून बोलतात, ते नेमकं कशामुळे? मूळ प्रत पाहता येत नाही म्हणून. म्हणजे विद्वानांचा समाज हीच कसोटी वापरतो आहे.

घनपाठी

मी वेदपाठशाळेत शिकलो, आता पुण्यात नोकरी करतो. धाग्यात आतापर्यंत सगळे छापील ग्रंथांचेच दाखले आले. ज्यांनी एक ओळ लिहिली नाही त्या शास्त्र्यांचं काय?

आमच्याकडे वेदाची संहिता पाठ झाली की तीच पद, क्रम, जटा, घन अशा वेगवेगळ्या रीतींनी म्हणायला शिकवतात. घनपाठात दोन शब्द सुलट, मग उलट, मग तीन सुलट, तीन उलट, पुन्हा तीन सुलट. अशी प्रत्येक ऋचा. बाहेरून ऐकणाऱ्याला ते निव्वळ घोकणं वाटतं. पण एखादा शब्द किंवा स्वर सरकला तर उलट म्हणताना तो लगेच खटकतो. ही चूक पकडायची योजना आहे, कागदाविना केलेली. तेव्हा 'तपासायची सोय' फक्त तळटीपांत असते असं समजू नये.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पूर्वपक्ष. शास्त्र शिकताना आपलं मत मांडण्याआधी विरुद्ध मत मांडावं लागतं, आणि तेही असं की त्या मताच्या माणसाने मान डोलवावी. मगच उत्तरपक्ष. लंगडा पूर्वपक्ष मांडला तर गुरुजी तिथेच थांबवायचे. आज टीव्हीवर आणि इथेही, समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगणारी माणसं किती दिसतात?

वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं उदाहरण घ्या. नारायणशास्त्री मराठे, संन्यासानंतर केवलानंद सरस्वती, यांनी मीमांसाकोशाचे सात खंड केले. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी. तर्कतीर्थ झाले, धर्मकोशाचं काम केलं, पुढे मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. याच शास्त्र्यांनी अस्पृश्यतेच्या विरोधात शास्त्राधार मांडले, आणि १९३३ मध्ये गांधींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात लावला. ज्या ग्रंथांचा आधार सनातनी घेत होते तेच ग्रंथ यांना जास्त ठाऊक होते. मला विद्या इथे दिसते.

कऱ्हाकाठ

घनपाठी, मनापासून आभार. पूर्वपक्षाची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी होती.

पारिजातक

सगळ्यांचं वाचलं. आतापर्यंत या धाग्यात एकाही विदुषीचं नाव आलेलं नाही.

हे चिडून लिहीत नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं. विद्वान व्हायला बुद्धी लागते, चिकाटी लागते, हे ठीक. त्याआधी वेळ लागतो. दीक्षित शाळा सुटल्यावर गणितं मांडत बसले तेव्हा चूल कोणीतरी पेटवत होतं. पां. वा. काण्यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले. साडेसहा हजार पानं. भारतरत्न मिळालं, योग्यच होतं. पण असा बत्तीस वर्षांचा निवांतपणा बाईला कोण देणार होतं?

पंडिता रमाबाईंचं पाहा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे त्या लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं. कधी? पहाटे, घरकाम सुरू होण्याआधी. त्याच मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, वय अवघं वीस. पुढे धर्मांतर केल्यावर आपल्याकडे त्यांच्या विद्येबद्दल बोलणंच जवळजवळ थांबलं. त्यांनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं, छापखान्यात बायकांनी काम केलं, हे आपल्यापैकी कितींना माहीत आहे? त्यांच्या धर्माशी सहमत असा वा नसा, हे काम विद्वत्तेचं आहे.

दुसरं नाव मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. विषय कवटीचा, दोन्ही बाजू सारख्या असतात की नाही, आणि त्याचा वंशाशी काही संबंध आहे का. मार्गदर्शकांची धारणा गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. परदेशात, परक्या भाषेत, एकटी मुलगी, आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच विरुद्ध निष्कर्ष. ते फिशर पुढे नाझी वंशविज्ञानाचे मोठे आधारस्तंभ झाले.

तेव्हा कऱ्हाकाठ, तुमच्या कसोटीत मला एक भर घालायची आहे. मोजमापातून जे निघालं ते, ज्याच्या हातात आपलं भवितव्य आहे त्याच्या तोंडावर सांगता येणं.

गोदातीर

पारिजातकताई, पूर्ण सहमत. कवट्यांची गोष्ट माझ्या मुलीला वाचून दाखवली.

साळुंकी

वेळेचा मुद्दा आला, आता दाराचाही येऊ दे.

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचं होतं. घेऊ दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. १९४६ मध्ये त्यांनी शूद्र मूळचे कोण यावर ग्रंथ लिहिला तेव्हा प्रस्तावनेतच हा आक्षेप स्वतः उभा केला, की मला संस्कृतचा अधिकार नाही असं म्हटलं जाईल, आणि त्याला उत्तरही दिलं. ज्यांनी दार लावलं त्यांनीच पुढे 'तुम्हाला आत काय आहे ते कुठे माहीत' असं विचारायचं, हा आपल्या विद्वत्तेच्या इतिहासाचा भाग आहे. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'विद्येविना मती गेली' लिहिलं ते याच दारासमोर उभं राहून.

आणि हे जुनं झालं असं कोणी म्हणू नये. धुळ्याचेच शरद पाटील. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते, आदिवासींमध्ये काम करणारे. प्राच्यविद्येत उतरायचं तर पाणिनी आला पाहिजे म्हणून मोठेपणी व्याकरण शिकायला बसले. मग 'दास-शूद्रांची गुलामगिरी'. त्यांचे निष्कर्ष सगळे मान्य होणारे नाहीत, माझेही मतभेद आहेत. पण ज्या हत्याराने बाहेर ठेवलं गेलं तेच हत्यार हातात घेऊन, नीट चालवायला शिकून, मग वाद घालायचा, याला जी ताकद लागते ती घरात सात पिढ्या पोथ्या असलेल्याला लागत नाही.

घनपाठी, तुमच्या पाठशाळेबद्दल आदर ठेवूनच विचारतो: तिथे कोण बसू शकत होतं?

घनपाठी

प्रश्न रास्त आहे. मी शिकलो तिथे सगळ्या जातींची मुलं नव्हती. ती विद्या अडवून ठेवली गेली हे सत्य आहे आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पद्धत मोलाची होती म्हणूनच ती अडवणं मोठा अन्याय होता, असं मी मानतो.

साळुंकी

सरळ उत्तराबद्दल धन्यवाद.

वेंगुर्लेकर

माझा प्रश्न थोडा वेगळ्या वाटेचा. आमच्याकडे दशावतारात संहिता लिहिलेली नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि रात्रभर संवाद तिथल्या तिथे रचले जातात. आमच्या भागातले एक वयस्कर नट होते, शाळा चौथीपर्यंत. राजाचा वेष चढवून ते रंगमंचावर आले की कर्म मोठं की दैव मोठं यावर समोरच्याशी तास तास वाद घालायचे. पुराणातले दाखले, एकातून दुसरा. गावातली म्हातारी माणसं पुढे बसलेली असायची. एखादं नातं, एखादं नाव चुकलं तर सकाळी चहाच्या टपरीवर धरायचे त्यांना.

आमच्या गावात त्यांना 'विद्वान माणूस' म्हणत. तुमच्या कसोटीत ते बसतात का? नसतील बसत तर कसोटी सैल करावी असं माझं मत.

तळटीप

बसतात, तुम्हीच सांगितलंत की. सकाळी टपरीवर धरणारी माणसं होती.

कऱ्हाकाठ

@वेंगुर्लेकर, मी इथे थोडा फरक करेन. जाणकार आणि विद्वान, दोघेही थोर, पण काम वेगळं. जाणकाराला ठाऊक असतं. विद्वान त्याच्या पलीकडे जाऊन विचारतो की हे असंच का, दुसरीकडे कसं आहे, आधी कसं होतं. तुमचे नट या दोन्हीच्या सीमेवर होते असं दिसतं.

रा. चिं. ढेरे आठवतात. मावळातलं निगडे हे लहानसं गाव, लहानपणीच आईवडील गेले, पुण्यात हलाखीत वाढले. विद्यापीठात खुर्ची कधी नव्हती. त्यांनी पोतराज, वासुदेव, जोगतिणी, गावोगावच्या देवीच्या नावांमागच्या कथा हे सगळं शिलालेख आणि पुराणांच्या बरोबरीने पुरावा म्हणून मांडलं. विठ्ठलावरचा त्यांचा ग्रंथ वाचताना गवळी-धनगरांची एक परंपरा, एखादं कन्नड नाव आणि संस्कृत माहात्म्यातला एक श्लोक एकाच पानावर शेजारी बसलेले दिसतात, आणि कोणालाही खालचं पान नाही. जाणकारांकडचं ज्ञान विद्येच्या पंगतीत असं आणून बसवणं हे ढेऱ्यांचं मोठं काम.

वेंगुर्लेकर

फरक पूर्ण पटला नाही. आमचे नटही 'असंच का' विचारत होते, फक्त वेष घालून. पण ढेऱ्यांबद्दल लिहिलंत ते आवडलं.

सातमाळा

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. आजच्या स्थितीवर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

२०१० नंतर आमच्या बढत्या गुणांवर मोजायला लागले. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. हेतू चांगला असेल. परिणाम असा झाला की पैसे भरून निबंध छापणारी मासिकं उगवली आणि चांगली शिकवणारी माणसंही त्या रांगेत उभी राहिली. मी काही प्रबंधांची मौखिक परीक्षा पाहिली आहे. एका प्रबंधात दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव तसंच राहून गेलं होतं, कारण मूळ प्रबंध त्या जिल्ह्यावरचा. समितीने पाहिलं, पानं मिटली, पेढे वाटले गेले.

आणि त्याच वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता, वडील ऊसतोड कामगार. त्याच्या गावातल्या एका घरात माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं निघालं. त्याला मोडी येत नव्हती. शिकला. आधी बाराखडी, मग जोडअक्षरं, मग तो तिरपा वळणदार मजकूर जिथे शब्द कुठे संपतो तेच कळत नाही. सालं कुठल्या कालगणनेतली, फसली की हिजरी की शक, याचा मेळ घालायला शिकला. दोन महिन्यांनी येऊन म्हणाला, मॅडम, हा कागद मी सनद समजत होतो, ही तर पाणी वाटपाची कबुली आहे, पाळ्या लावून दिल्यात. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला पुढे संशोधनाला नोंदणी करायची होती तेव्हा सांगण्यात आलं की असला विषय नको, वेळ लागेल, सोपा विषय घे.

कऱ्हाकाठ, तुमची कसोटी मला मान्य आहे, पारिजातक आणि साळुंकी यांची भरही मान्य आहे. पण ती कसोटी लावणारी माणसं संस्थांमध्ये उरली पाहिजेत ना. दीक्षित मॅट्रिक होते, तरी फ्लीटने त्यांच्या गणिताचं मोल ओळखलं. आज एखादा मास्तर असं गणित घेऊन आला तर आम्ही त्याला आधी नेट-सेट या पात्रता परीक्षा झाल्यात का विचारू. मला याचा फार त्रास होतो.

साळुंकी

त्या मुलाचं पुढे काय झालं?

सातमाळा

शाळेत शिक्षक आहे. मोडी सोडलेली नाही. रविवारी आजूबाजूच्या गावातले कागद वाचून देतो, फोटो काढून तारीखवार ठेवतो. मी त्याला हा धागा पाठवला आहे.

मुक्ता_धुळे

सातमाळा, त्यांना राजवाडे मंडळात जरूर यायला सांगा. कागदपत्रं आहेत, वाचणारे कमी आहेत.

सांखवाळी

गोव्याहून एक नाव जोडते: धर्मानंद कोसंबी. आमच्या सांखवाळचे, जन्म १८७६. शाळा फारशी झाली नाही. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि बुद्ध समजून घ्यायचा ध्यास लागला. १८९९ मध्ये घर सोडलं. पुण्यात, मग काशीला संस्कृत शिकले, नेपाळ, गया, सिंहलद्वीप (श्रीलंका). तिथे पाली शिकून भिक्षू झाले. पुढे हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते मधल्या एका निर्णयात. कलकत्त्याला विद्यापीठात शिकवत होते. ते सोडून सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा ५० रुपये घेऊन महाराष्ट्रात राहायचं त्यांनी ठरवलं, आपल्या भाषेच्या लोकांना बुद्ध सांगता यावा म्हणून. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, मराठीत सोपी पुस्तकं लिहिली. जे दूर जाऊन मिळवलं ते साध्या मराठीत परत आणून देणं, हेही विद्वानाचं काम आहे. दीक्षितांनी आपला मोठा ग्रंथ आणि राजवाड्यांनी आपलं सगळं मराठीतच लिहिलं, त्याबद्दल इथे कोणी विशेष बोललं नाही, म्हणून आठवण केली.

नाममुद्रा

सांखवाळी, बरं झालं लिहिलंत. विनयाचा माझा आग्रह मी सोडलेला नाही, पण तो असाही दिसू शकतो हे मान्य.

दूरदेशी

नेदरलँड्सहून लिहितोय, आज पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. एक व्यावहारिक मदत हवी. मुलगी सतरा वर्षांची आहे, मराठी वाचते पण सावकाश. तिला या माणसांपैकी कोणाचं तरी लिखाण वाचायला द्यायचंय. ढेऱ्यांच्या विठ्ठलाने सुरुवात करावी का?

तळटीप

ढेरे जरा थांबू द्या, तो ग्रंथ जाड आहे आणि संदर्भांनी गच्च भरलेला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये आलंय, तुम्ही स्वतः आधी ते वाचू शकता.

मुलीला 'युगान्त' द्या. १९६७ चं, इरावतीबाईंचं. महाभारतातल्या एकेका व्यक्तीवर एकेक लेख, त्यामुळे सलग वाचायची सक्ती नाही. गांधारी किंवा कुंती यांपैकी कुठलाही लेख आधी घ्या. इरावतीबाईंनी मुख्यतः भांडारकरची आवृत्ती समोर ठेवली होती. तिला रस वाटला तर त्या आवृत्तीचे स्कॅन केलेले खंड इंटरनेटवर मिळतात. आदिपर्वाचं एखादं पान उघडून द्या आणि खालचे पाठभेद कसे वाचायचे ते दाखवा. संकेताक्षरांची यादी त्याच खंडाच्या सुरुवातीला आहे. अडलं तर इथे विचारा.

पारिजातक

आणि वाचून झाल्यावर तिला काय पटलं नाही ते तिलाच इथे लिहू द्या, चालेल त्या मराठीत.